दुसऱ्या कॅरेक्टरचं काय करायचं

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा जाताना मला काही कामं सांगून गेला. सायकल कुणाला तरी देऊन टाक, आधारवरचा फोन नंबर बदलायचा राहिलाय त्याची मला आठवण कर, आणि मी तिकडे सेटल होईपर्यंत आमच्या तळात इंधन भरत जा. पहिली दोन कामं त्याच आठवड्यात झाली. तिसरं मी अजून करते आहे.

तळ म्हणजे अवकाशातला. इंटरनेटवर जगभरातले लोक मिळून खेळतात अशा एका गेममध्ये मुलाच्या गटाने एका ताऱ्यापाशी तो बांधला होता. तळाला इंधन लागतं, संपलं की त्याचं संरक्षण बंद पडतं आणि मग कुणीही येऊन तो फोडू शकतं. मला एवढंच समजावलं होतं आणि एवढंच पुरेसं होतं. पण इंधन ठेवायला म्हणून मी गोदाम उघडलं आणि बघतच राहिले. दारूगोळा आणि खनिज एकाच ढिगात. इंजिनं कुठेही. पेट्यांची नावं ‘इतर’, ‘इतर २’ आणि ‘नंतर बघू’. मी एका पॅकेजिंग कंपनीत स्टोअर आणि खरेदी बघते. असलं गोदाम बघून गप्प बसणं मला जमत नाही. शनिवारची एक दुपार घालवून मी सगळं लावलं, पेट्यांना नीट नावं दिली आणि रविवारी सकाळी गटाच्या कॉलवर कुणीतरी विचारलं, हे कुणी केलं? मुलगा म्हणाला, आईने. महिन्याभरात मुलाचं खेळणं सुटलं. माझं स्वतःचं अकाउंट झालं होतं.

या गटात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. ज्याच्या त्याच्या लोकलच्या स्टेशनाच्या नावाने मारतात. मी नाहूर. आमचा प्रमुख घाटकोपर, दातांचा डॉक्टर, चाळिशीचा, लढायांचं नियोजन तो रूट कॅनालच्या गांभीर्याने करतो. कांजूर म्हणजे कांजूरमार्गचे काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मूळचे मालवणकडचे. आणखी सहा-सात जण येऊन-जाऊन असतात. रविवारी सकाळी कॉल असतो. माझ्या मागे कुकर, काकांच्या मागे टीव्ही, घाटकोपरच्या मागे त्याच्या मुलीचा की-बोर्डचा रियाज. ऑफिसात मी मॅडम, बिल्डिंगमध्ये कुणाची तरी आई, सासरी मोठी सून. इथे मी फक्त गोदाम बघते आणि ते चांगलं बघते. मुलगा गेल्यावर घर जे एकदम नीटनेटकं झालं, इतकं की आवरायला काहीच उरलं नाही, त्या घरात रविवारची ती वेळ मला हवी होती. ती गेली असती तर मला चाललं नसतं. पुढे जे झालं त्यात माझ्या डोक्यात सतत हेच होतं.

माझ्या अकाउंटवर दुसरं कॅरेक्टर, म्हणजे गेममधलं आपलं आणखी एक माणूस, काढायची सोय होती. पहिलं कॅरेक्टर मालवाहू जहाज चालवण्यात तरबेज झालेलं, त्यामुळे दुसऱ्याला काय काम द्यायचं ते ठरवायला हवं होतं. मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे लिहून काढलं. खाणकाम: फायदा बरा, पण कंटाळवाणं. मोठ्या बाजारात खरेदी-विक्री: जमेल, पण रोज लक्ष द्यावं लागेल. दाराशी पहारा: गटाला उपयोगी, मला झोप येईल. दार म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचा मार्ग, तिथेच लुटारू दबा धरून असतात. नवऱ्याने पान वाचलं आणि चहा पिता पिता म्हणाला, घरात एक आहे तीच आम्हाला पुरून उरते, तू आणखी दुसरी काढतेस?

घाटकोपरच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याने मला रविवारच्या कॉलनंतर थांबायला सांगितलं.

त्यासाठी आधी शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या शेजारच्या ताऱ्यावर दुसरा एक गट आहे. तो आमच्यातूनच फुटलेला. गणपती मंडळ फुटतं आणि एकाच गल्लीत दोन मंडप लागतात, तसं. कारण विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात दुसऱ्याने आधी फोन कट केलेला असतो. मी तेव्हा नवीन होते. फुटून गेलेल्यांत मालाड होती, माझ्यासारखीच पन्नाशीला टेकलेली, त्यांचं गोदाम आता ती बघते. सुरुवातीच्या दिवसांत मला तिनेच शिकवलं होतं. फुटल्यावर आमचं बोलणं बंद झालं. भांडण झालं नाही, नुसतं बंद झालं.

अलीकडे शेजारी खूप सामान जमवत होते आणि घाटकोपरला खात्री होती की ते आमच्या तळावर येणार. त्याचं म्हणणं, माझं दुसरं कॅरेक्टर नवखं म्हणून त्यांच्यात भरती व्हावं. त्यांचा कॉल बुधवारी संध्याकाळी असतो, तिथे बसायचं, ऐकायचं आणि त्याला सांगायचं.

“मीच का?” मी विचारलं.

“ताई, तुझ्यावर कुणाचा संशय येणार? तू हेर वाटतच नाहीस.”

“म्हणजे काय वाटते?”

“तू पावती मागणारी वाटतेस.”

हेरगिरी या गेममध्ये चालते. नियमात बसतं, मोठमोठे गट करतात, त्याची कुणाला लाज वाटत नाही. माझी अडचण ती नव्हती. अडचण ही होती की मी नाही म्हटलं तर घाटकोपर दुसऱ्या कुणाला तरी सांगणार आणि मग माझ्याविषयी त्याच्या मनात एक खूण राहणार. तळ गेला तर आणखी मोठी. मी हो म्हटलं.

शेजाऱ्यांनी मला लगेच घेतलं. नवीन माणूस सगळ्यांनाच हवा असतो. आवाज ओळखला जाईल म्हणून माझा माईक खराब आहे असं लिहून कळवलं. स्टेशन विचारलं तेव्हा पटकन बोरिवली म्हटलं. लगेच कुणीतरी विचारलं, ईस्ट की वेस्ट? ईस्ट. कुठे? मी लिहिलं, नॅशनल पार्ककडे. तर तो गडी म्हणाला त्याची आत्या तिथेच राहते, कुठली सोसायटी? मी लिहिलं, नवीन आहे, अजून नाव लागलेलं नाही. मग हे सगळं मला कुठेतरी टिपून ठेवावं लागलं, कारण पुढच्या बुधवारी त्याने पुन्हा विचारलं की नाव लागलं का. मला स्टॉक ठेवायची सवय आहे, पण खोट्याचा स्टॉक कधी ठेवला नव्हता. तो खूप जागा खातो. कुणाला काय सांगितलंय हे रोज तपासावं लागतं आणि एकही वस्तू तिथून काढून टाकता येत नाही.

मालाडने नव्या माणसाला एक छोटं मालवाहू जहाज वापरायला दिलं. ही तिची जुनी पद्धत. स्वतःचं घेण्याइतकं जमेपर्यंत वापर आणि मग परत कर.

बुधवारचे कॉल मी स्वयंपाकघरात ऐकायचे. मी गप्प आणि ते बोलतायत. आमच्याकडे असतात तसेच आवाज त्यांच्याकडेही होते. कुणाच्या तरी दारात कुरिअर यायचं. मालाडची आई तिच्याकडे राहते, ती मधेच येऊन विचारायची की दिवा लावलास का, आणि मालाड माईक बंद न करताच सांगायची, लावते गं, एक मिनिट. पहिल्या वेळी मला हसू आलं. दुसऱ्या वेळी मी भाजी चिरायची थांबले. कुणाच्या घरात न विचारता शिरून कोपऱ्यात बसावं आणि घरातल्यांना आपण दिसूच नये, तसं वाटत होतं.

घाटकोपरला मी दोनदा कळवलं. कोण कोण आलं होतं, काय बांधतायत, कुठल्या खनिजाची टंचाई आहे. त्यात विशेष काही नव्हतं. तो म्हणाला, चालू ठेव.

मग एका बुधवारी कॉल संपता संपता मालाड म्हणाली की पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ती नसणार. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटलमध्ये थांबावं लागेल. तळाची व्यवस्था दुसऱ्या कुणीतरी बघा. दुसरं कुणी म्हणजे तोच बोरिवलीच्या आत्यावाला आणि तो त्या दिवशी ऑफिसच्या पार्टीला जाणार हे मी आधी ऐकलेलं होतं. थोडक्यात, शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या तळावर कुणीही नसणार होतं.

मी हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. घाटकोपरला हवी होती ती बातमी हीच, ते यायच्या आत आपणच जाऊन त्यांचा तळ फोडायला. त्याला सांगितलं असतं तर रविवारच्या कॉलवर माझं कौतुक झालं असतं आणि माझी जागा पुढची कित्येक वर्षं पक्की झाली असती. नवरा बाहेरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, गेम आहे ना? मी म्हटलं, गेम आहे, पण ऑपरेशन खरं आहे. त्यावर तो हातपाय धुवायला गेला.

घाटकोपरने विचारलं तेव्हा मी लिहिलं, या आठवड्यात काही नाही.

म्हणजे आता मी दोन्हीकडे खोटं बोलत होते. शुक्रवारची संध्याकाळ मी कपाट आवरण्यात काढली. आवरलेलंच कपाट पुन्हा आवरलं. कुणाच्याही तळावर कुणी गेलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की हे बंद करायचं. कारण काढायचं, ऑफिसचं काम वाढलंय म्हणायचं आणि बोरिवलीला तिथून गुपचूप बाहेर काढायचं. निघायच्या आधी मालाडचं जहाज परत करायला हवं होतं. ते मी धुऊनपुसून ठेवावं तसं ठेवलं, म्हणजे डागडुजी केली, सगळे भाग पूर्ण भरले आणि मालाच्या खणात थोडं इंधन टाकलं. का टाकलं याचा मी विचारही केला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारचीचा डबा आपण कधी रिकामा परत करतो का? काही नसलं तर चमचाभर साखर घालतो. हात आपोआप जातो.

दुसऱ्या दिवशी मालाडचा मेसेज आला, फक्त मला. तो मी इतक्यांदा वाचलाय की तसाच्या तसा आठवतो.

“बोरिवली, जहाज मिळालं. आत इंधन ठेवलंत तेही मिळालं. आईचं ऑपरेशन छान झालं. तू नाहूर ना गं?”

मग तिचाच पुढचा मेसेज. आम्ही एकत्र होतो तेव्हा माझं पहिलं जहाज मी तिच्याकडूनच वापरायला घेतलं होतं, ते परत करताना त्यात इंधन घालून दिलं होतं आणि तेव्हा ती हसून म्हणाली होती की अख्ख्या अवकाशात डब्यात साखर घालून पाठवणारी बाई तू एकटीच. मी ते विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

मी लिहिलं, हो.

तिने लिहिलं, “शुक्रवारी कुणी आलं नाही. म्हणजे तू सांगितलं नाहीस. म्हणून मीही इकडे कुणाला सांगितलेलं नाही. पण तोंड मिटून आमच्यात बसायचं नाही हां. मला नाही चालणार. बसायचं तर बोल, नाहीतर जा.”

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. इतकं हलकं वाटलं की मी उठून पंखा लावला, खिडकी उघडली आणि टिपलेलं ते सगळं, सोसायटी, आत्या, न लागलेलं नाव, एका झटक्यात फाडून टाकलं. मग आम्ही दोघी तासभर लिहीत बसलो. आईच्या डोळ्याचे थेंब कधी घालायचे, सामान का जमवताय, तुम्ही का जमवताय. त्यांनाही खात्री होती की आम्ही त्यांच्यावर येणार. शिवाय बाजारातून माल आणताना त्यांचीही जहाजं दारापाशी लुटली जात होती, आमचीही. लुटारू एकच. दोन्ही गट आपापलं जहाज वेगळं पाठवायचे, वेगवेगळे लुटले जायचे.

तेव्हा मला दुसऱ्या कॅरेक्टरचं काम सापडलं. लपवायचं नाही. दोघांनाही माहीत असलेलं एकच मोठं मालवाहू जहाज, सोबत दोन्हीकडचे पहारेकरी, बाजारातून दोघांचा माल एका फेरीत. मालाडला विचारलं, ती म्हणाली माझी माणसं तयार होतील, तुझा डॉक्टर होईल का बघ.

तीच तर भीती होती. रविवारपर्यंत मी मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, पण कॉलवर ती कुठल्या कुठे गेली. मी सरळ सांगितलं. ओळखली गेले, जहाजात इंधन घालून परत केलं म्हणून. काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग मी शुक्रवारचंही सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही. घाटकोपरच्या मागे की-बोर्डवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. “तळ रिकामा आहे हे तुला माहीत होतं आणि तू मला ‘काही नाही’ म्हणून लिहिलंस.”

“हो.”

“मग मी तुझ्यावर विश्वास कसा ठेवू, ताई? गोदामाच्या चाव्या तुझ्याकडे आहेत.”

मी म्हटलं, चाव्या परत घ्यायच्या तर घे, मी समजून घेईन. पण मालाडच्या आईचं ऑपरेशन मला गोदामातल्या मालासारखं तुला काढून देता आलं नाही, पुढेही येणार नाही. हेर म्हणून मी कामाची नाही. मग बाजाराच्या फेरीचा प्रस्ताव सांगितला, तोही घाईघाईत, कारण मला वाटत होतं की कुठल्याही क्षणी तो मला कॉलमधून काढेल. गटातला आणखी एक जण पुटपुटला की आता शत्रूचा कांदा-बटाटा पण आपणच वाहायचा.

तेव्हा काका बोलले. चिडले की ते मालवणीत जातात.

“तिका सोड रे, डॉक्टर. गोदाम सांभाळता ती, चोरी करूक नाय इली. तूच तिका भलत्या कामाक धाडलंस.”

माझा चहा समोर तसाच होता. मला आठवतं, मी आमच्या गोदामाचं पान उघडून बसले होते आणि बघत होते की माझ्या नावापुढची परवानगी आहे की गेली. होती. पुन्हा बघितलं. होती.

“आधी आपला माल भरायचा,” घाटकोपर शेवटी म्हणाला, “मग त्यांचा.”

“जो जास्त जड तो आधी,” मी म्हटलं. “नाहीतर जहाज नीट भरत नाही.”

“ताई.”

“बरं. आधी आपला.”

“आणि त्यांचे पहारेकरी पुढे. आपले मागे.”

हे मालाडला पटवायला मला दोन दिवस लागणार होते हे मला दिसत होतं, पण हो म्हटलं. त्याने विचारलं, दुसऱ्या कॅरेक्टरला आता हाक काय मारायची, बोरिवली तर खोटी निघाली. काका म्हणाले, त्यात काय, ही नाहूर पश्चिम आणि ती नाहूर पूर्व. स्टेशन एकच, दोन्हीकडे जिने. घाटकोपर पहिल्यांदा हसला. फार नाही, नाकातून निघालं तेवढंच. मग त्याच्या मुलीला ओरडून सांगितलं की तो सूर सोड आणि पुढचा वाजव.

मी हुश्श केलं ते माईक चालू असतानाच, सगळ्यांना ऐकू गेलं. घाटकोपरने घसा साफ केला आणि म्हणाला, पुढचा विषय, खाणकामाच्या पाळ्या. त्यावर मला बरंच बोलायचं होतं.